मशीन बंद आहे

बाजाराच्या दिवशी सरांबरोबर भोरच्या रस्त्यानं चालायची मला धास्ती वाटायची. सर माणसांना नावानं ओळखत नसत, मोडलेल्या हाडानं ओळखत. चेहरे त्यांच्या लक्षात राहायचेच नाहीत. भाजीवालीपुढं उभं राहून मेथी निवडता निवडता मला म्हणायचे, "ही डाव्या पायाची. घोट्याच्या वर, दोन ठिकाणी. छान जुळलंय." भाजीवाली आता ती जुडीच फेकून मारणार असं मला वाटायचं. एकदा एसटी स्टँडवर एका फेटेवाल्या माणसानं रामराम घातला. सरांनी त्याचं मनगट हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "वैरण कापताना दुखतं का अजून?"

"मनगट थोरल्याचं मोडलं हुतं सर. मी धाकटा."

"शक्य नाही."

"अवो सर, मी कोन हाय ते मला ठावं नसंल व्हय?"

"मूठ आवळ बघू."

त्यानं बिचाऱ्यानं भर स्टँडवर मूठ आवळून दाखवली. सरांचं समाधान झालं नाही. गाडी लागली, तो माणूस चढला, तरी सर खिडकीशी उभे. "थोरल्याला पाठवून दे एकदा. मग ठरवू."

मी विंझरची. वडिलांचं वेल्ह्याच्या रस्त्याला लागून किराणा मालाचं लहानसं दुकान. बारावीनंतर मी पुण्यात राहून एक्स-रे टेक्निशियनचा डिप्लोमा सुरू केला आणि शेवटच्या वर्षाच्या प्रत्यक्ष कामासाठी भोरमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात रुजू झाले. घर जवळ, एवढाच विचार होता. रोज एसटीनं चेलाडी फाटा, तिथून मिळेल त्या गाडीनं भोर. त्या दवाखान्यात तळमजल्याच्या टोकाला एक्स-रेची खोली होती आणि त्या खोलीत सर होते. उंच, काटकुळे, पँट पोटाच्या बरीच वर बांधलेली, आणि दोन्ही हातांची नखं पिवळट तपकिरी. पूर्वी फिल्म अंधाऱ्या खोलीत औषधात बुडवून धुवायला लागायच्या, त्याचा तो रंग. आता सगळं कॉम्प्युटरवर दिसतं, तरी नखं काही उजळली नाहीत. ती अंधारी खोलीही सरांनी सोडली नव्हती. दुपारचा डबा ते तिथंच खायचे, दार लावून, लाल दिव्याच्या उजेडात. मी विचारलं तर म्हणाले, "उजेडात भाजी दिसते. अंधारात कळते."

पहिल्याच दिवशी मी कॉलेजात शिकलेले सगळे आकडे पाठ करून गेले होते. छातीला किरणांचा जोर किती केव्ही, हाताला किती. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चप्पल काढ आणि टेबलावर झोप."

मी झोपले. टेबल असं गार की पाठीतून कळ आली. सर काचेपलीकडं निघून गेले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. वर ते मशीनचं तोंड, खोलीत कुणी नाही, आणि मी पडलेली. शेवटी मी हाक मारली, "सर, काय करायचंय?"

"काही नाही. कसं वाटतंय ते लक्षात ठेव. येणाऱ्या प्रत्येकाला तसंच वाटतं, वर त्याचं काहीतरी मोडलेलं असतं."

त्यानंतर महिनाभर त्यांनी मला बटणाला हात लावू दिला नाही. "बटण दाबायला कुणीही शिकेल. माणूस झोपवायला शिक." माणूस झोपवायचा, वळवायचा, तर त्याची हाडं वरून हातानं कळली पाहिजेत, म्हणून मला घरचा अभ्यास असायचा स्वतःची हाडं चाचपण्याचा. मी एसटीत बसून गुडघ्याची वाटी, खांद्याचं टोक, बरगड्या मोजत यायची. आमच्या गावातल्या एका काकूंनी आईला सांगितलं, "तुमची पोरगी गाडीत आंग खाजवीत बसती, एकदा दाखवून आना."

लोक एक्स-रेला फोटो म्हणतात, हे मला आधी मोठं अडाणीपणाचं वाटायचं. सर मात्र स्वतःच फोटो म्हणायचे. "फोटोच तो. आपण फोटोग्राफर. आपलं गिऱ्हाईक हसत नाही, एवढाच फरक." फोटो म्हटल्यावर माणसं नटून यायची. बायका केसांत फूल घालून, म्हातारे नवी टोपी घालून. सर त्यांना टोपी काढायला सांगत नसत. पायाचा फोटो असला तरी आधी टोपी सरळ करायचे.

छातीचा फोटो हा तर सरांचा खास प्रांत. त्यात माणसाला उभं करून, हात कंबरेवर ठेवून, कोपरं पुढं घ्यायला लावायची असतात. मी पुस्तकातलं समजावून समजावून थकायची, बायका नुसत्या लाजून उभ्या. सर एकच वाक्य बोलायचे, "बाई, शेजारणीशी भांडायला उभ्या राहता तशा राहा." क्षणात कोपरं पुढं. मग मोठा श्वास घेऊन धरून ठेवायचा असतो. तिथंही प्रत्येकाला वेगळं. हेडमास्तरांना सांगायचे, "वर्गावर ओरडायच्या आधी घेता तेवढा घ्या." कंडक्टरला सांगायचे, "घ्या, धरा, डबल बेल दिल्याशिवाय सोडू नका," आणि फोटो झाला की खरोखर टणटण असं तोंडानं करायचे.

एकदा डोंगरावरच्या वाडीतला एक म्हातारा धनगर आला होता. त्याला काही केल्या श्वास धरता येईना. धर म्हटलं की खोकायचा. मी तीनदा प्रयत्न केला. सर आले, त्याच्या कानाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "बाबा, झाडीत बिबट्या आलाय. हलू नका."

म्हातारा असा गोठला की मी काचेमागं असूनही माझा श्वास थांबला. फोटो नामी आला. पण म्हातारा श्वास सोडीना. डोळे मोठे, छाती भरलेली, तोंड लाल व्हायला लागलं. मी घाबरून म्हणाले, "बाबा, झालं, सोडा." तो ढिम्म. तेव्हा सरांना आपली चूक कळली. ते धावत आत आले. "गेला बाबा, गेला बिबट्या!" म्हाताऱ्यानं फुस्सकन श्वास सोडला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुनीकडं गेला?"

सर गंभीरपणे म्हणाले, "वरंध्याच्या घाटाकडं."

माझ्या शिक्षणावर खरं संकट आलं ते घरून. माझी आत्या भोंगवलीला दिलेली. तिनं माझ्यासाठी एक स्थळ आणलं, आणि मुलाकडच्यांनी एकच विचारलं की मुलगी ते किरणांचं काम सोडणार का. त्या मशीनपाशी राहिलं की पुढं मुलं होत नाहीत, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. आत्यानं ते वडिलांच्या मनात भरवलं. वडील चिडले नाहीत, ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "झालं तेवढं शिक्षण बास. उद्यापासनं जाऊ नको." दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शेवटचं म्हणून मी गेले आणि सरांना सांगितलं. सरांनी मान हलवली आणि डबा खायला अंधाऱ्या खोलीत निघून गेले. मला फार लागलं ते. एक शब्द बोलू नये माणसानं?

रविवारी सकाळी आमच्या दुकानासमोर एसटी थांबली आणि तिच्यातून सर उतरले. खांद्यावर पोतं. पोत्याच्या भारानं एका अंगाला कलले होते. पोत्यात काय, म्हणून कंडक्टरनं विचारलं तर यांनी "शिसं" असं खरं सांगून टाकलेलं, त्यामुळं सगळी गाडी खिडक्यांतून बघत होती.

घरात वडील, आई आणि आत्या. सरांनी पाणी घेतलं, पोत्यातून शिशाचा एप्रन काढला आणि थेट आत्याच्या अंगावर चढवला. आत्या खाटेवर बसलेली होती, ती बसलेलीच राहिली.

"आगं बाई! म्हस बसल्यावानी वाटतंय की!"

"आत्याबाई, काम करताना हे अंगावर असतं. आणि आम्ही मशीनपाशी उभेच नसतो, शिसं घातलेल्या भिंतीमागं असतो. आता मला सांगा, चुलीपुढं हातभर अंतरावर बसलं तर काय होतं?"

"भाजतं."

"दोन हातांवर सरकलं तर? धग निम्मी होते?"

आत्यानं विचार केला. "निम्मी कशाची? त्याच्या बी निम्मी."

सर ताडकन उठून उभे राहिले. "पाव! पाव होते! तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"चुलीनं."

सर माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ. कॉलेजात याला दोन तास घेतात." पुढचा अर्धा तास ते आणि आत्या चूल, भिंत, अंतर यावर बोलत होते. मी छातीला लावते तो किरण मोजायचा बिल्लाही त्यांनी दाखवला, तो तपासायला पाठवतात, त्यात काही जास्त निघालं तर कळवतात, हे सांगितलं. स्वतःची दोन मुलंही पुरावा म्हणून सांगितली. आत्या म्हणाली, "तुमची झाली, तुमी पुरुष मानूस." सर म्हणाले, "बरोबर आहे. म्हणून तर हिला नियम माझ्याहून कडक लावतो." या सगळ्या गडबडीत आत्याच्या अंगावरचा एप्रन काढायचं सगळेच विसरले. चहा झाला तेव्हा आत्याच म्हणाली, "आता हे काडा, न्हाईतर मला हितंच पुरा." एप्रन निघाल्यावर तिनं खांदे चोळत माझ्याकडं बघितलं. मग वडिलांना म्हणाली, "दादा, ही पोरगी हे आंगावर घालून दिसभर उभी ऱ्हाती. तिला कुठलं सासर जड जानार हाय रे? शिकू दे तिला."

ते स्थळ आत्यानंच मोडलं. सरांनी मात्र सोमवारी मला फैलावर घेतलं, कारण शनिवारी जाताना मी माझा बिल्ला मशीनच्या खोलीतच खुंटीला विसरले होते.

मला कामाची वही भरावी लागायची. कुठला एक्स-रे, कसा काढला, आणि पुढं सरांची सही. सही मिळवणं महाकठीण. फोटो कितीही चांगला असो, सर विचारायचे, "गाव कुठलं त्यांचं? पडले कसे? घरी करणारं कोण आहे?" एकाचं उत्तर नाही आलं की सही नाही. वर्ष संपत आलं आणि माझ्या वहीत सह्यांपेक्षा मोकळ्या रकान्यांची संख्या जास्त होती. परीक्षेला बसायला ठरावीक सह्या लागत होत्या. मी मनातून सरांवर जाम भडकलेली होते. त्याच दिवसांतली ही गोष्ट.

बाजाराचा दिवस होता. बाहेर बाकांवर गर्दी, भिंतीला टेकून माणसं. वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यावरून एक सासू तिच्या सुनेला घेऊन आली होती. सून असेल माझ्याच वयाची. शेरडांमागं जाताना खडकावरून घसरून कुल्ल्यावर आदळलेली, लंगडत होती. डॉक्टरांनी कमरेच्या हाडाचा फोटो लिहून दिला होता.

अशा फोटोला किरण पोटातून जातात. म्हणून बाईला आधी विचारावंच लागतं, दिवस गेलेत का. सरांना पुरुष म्हणून हे विचारताना फार अवघड जायचं. मुलगी शिकायला पाठवा, असं ते कॉलेजला कितीतरी वर्षं कळवत होते ते याचसाठी. मी विचारलं. सुनेनं सासूकडं बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"न्हाई, न्हाई, तसलं काय न्हाई," सासूही घाईनं म्हणाली.

मला सही हवी होती. मी गाव विचारून घेतलं, पडली कशी ते विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं, सगळं पाठ केलं. तिला टेबलावर झोपवलं, पाय नीट ठेवले, मशीनचा उजेड कमरेवर आणला आणि काचेमागं जाऊन बटणावर बोट ठेवलं. सरांनी माझं मनगट धरलं.

"दुखतं कुठं म्हणाली ती?"

"उजव्या खुब्यात."

"मग हात कुठं आहे?"

मी काचेतून बघितलं. तिचे दोन्ही हात ओटीपोटावर होते, एकावर एक, घट्ट. मी हात बाजूला ठेवायला सांगून आले होते. मी वळताच ते परत तिथं गेले होते.

सर बाहेर आले आणि सासूला म्हणाले, "बाई, या चिठ्ठीवर खिडकीतून शिक्का आणा." ती गेली. सर मला म्हणाले, "आता परत विचार. एकटीनं." आणि स्वतः बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

मी टेबलाशी गेले. काही विचारायच्या आधीच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दोन महिने वर झाले होते. नवरा मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरलेला, तिथं फोन लागत नाही, आठवड्यानं यायचा होता. मी म्हटलं, मग सासूबाईंना का नाही सांगितलं?

"मागल्या टायमाला त्यांस्नीच पयलं सांगितलं हुतं," ती म्हणाली. "मंग सगळ्या वाडीला कळलं. पोर काय ऱ्हायलं न्हाई. ह्यांस्नी कळलं तवा दोन्ही एकदमच कळलं, वाटंत भेटलेल्या मानसाकडनं. पोर हुतं ते बी, आन् गेलं ते बी. तवा ते माझ्याशी दोन दिस बोललं न्हाईत. रागानं न्हाई ताई. त्यांस्नी बोलायाच येईना. ह्या खेपंला म्या म्हनलं, पयलं त्यांस्नी सांगनार. माझ्या तोंडानं."

"अगं, पण फोटो काढला असता तर?"

"मला काय ठावं त्यात काय असतंय. हात ठेवला की आड येईल म्हनलं."

अजून एक क्षण आणि मी बटण दाबलं असतं. मी बाहेर येऊन सरांना हळूच सगळं सांगितलं. सर ऐकत होते तोवर सासू शिक्का घेऊन हजर.

"झाला का फोटू?"

सरांनी माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मशीन बंद पडलं."

मी सरांबरोबर तोवर दहा-अकरा महिने काढले होते. आपलं मशीन एक दिवस बंद नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. सणाच्या दिवशी त्याला हार घालायचे. ते बोलले आणि त्यांचा चेहरा असा झाला जसं कुणी घरचं माणूस गेलं.

बाकांवरची माणसं कुरकुरायला लागली. सर सुनेला डॉक्टरांकडं घेऊन गेले, सगळं खरं सांगितलं. डॉक्टर तरुण होते, आधी भडकले, मग स्वतःच घाबरले. त्यांनी तिला नीट तपासलं. पाय उचलता येत होता, भार टाकता येत होता, हाड मोडल्याचं लक्षण नव्हतं. विश्रांती सांगितली, दुखणं वाढलं तर लगेच या म्हणाले, आणि गप्प राहायचं कबूल केलं. इथवर ठीक होतं. आता सासू-सून घरी जातील, आणि आम्ही कामाला लागू, असं सरांनी धरलेलं.

सासूनं बाकावर बसकण मारली. "व्हईल की चालू. आमची गाडी चारला हाय. बसतो आमी."

तेव्हा वाजले होते साडेबारा.

मग सरांनी खोटं निभवायला सुरुवात केली. कुठून तरी स्क्रूड्रायव्हर पैदा केला. त्यांना साधा टेबलफॅन उघडता येत नव्हता. दार उघडं ठेवून, सासूला दिसेल असे, ते मशीनपुढं गुडघे टेकून बसले आणि एक स्क्रू पिळायला लागले. तो स्क्रू मशीनचा नव्हता, टेबलाच्या पायरीचा होता. सासू दारात येऊन उभी राहिली.

"वायर काडून परत लावा सायेब. आमच्या वाडीवरलं इंजान असंच बसतं."

"बघतो बाई."

"आन् दोन धपाटं घाला."

"मशीनला?"

"मंग कुनाला?"

सरांनी मशीनला हळूच थोपटलं. तेवढंही त्यांना करवत नव्हतं.

ज्यांना थांबता येण्यासारखं होतं त्यांना आम्ही उद्या यायला सांगितलं. पण दोनच्या सुमाराला एक टेम्पो ड्रायव्हर आला, हाताचं हाड डोळ्यांना दिसेल असं वाकडं. त्याला उद्या ये म्हणणं शक्यच नव्हतं. अंधाऱ्या खोलीला मागच्या बोळात उघडणारं एक दार होतं. सरांनी त्या ड्रायव्हरला तिकडून आत आणला. तो बिचारा लाल दिव्याच्या उजेडात सरांचा डबा, झाडू, जुन्या फिल्मांचे गठ्ठे ओलांडत आला आणि मला विचारायला लागला, "ताई, सरकारमान्य हाय ना हे?"

पुढची भानगड आवाजाची. फोटो निघताना मशीन आधी गरगरतं आणि मग पीं करतं. सर म्हणाले, "मी ठोकतो, तू दाब." समोरचं दार लोटून घेतलं आणि आम्ही दोघं काचेमागं गेलो. मी गरगर सुरू केली, सरांनी काचेमागूनच लोखंडी स्टुलावर स्क्रूड्रायव्हरनं दणादण ठोकायला सुरुवात केली, ड्रायव्हर दचकला, फोटो हलला. परत काढावा लागला. दुसऱ्या वेळी ड्रायव्हरला आधी सांगून ठेवलं. पीं झालं. आणि बाहेरून सासूचा आवाज आला, "सायेब! भाईरचा लाल दिवा लागला! झालं की वो चालू!"

दारावरचा दिवा आम्ही विसरलो होतो. सर घामाघूम होऊन दार किलकिलं करून म्हणाले, "लागला आणि गेला. बाई, फार जुनं दुखणं आहे याचं."

"देवा," सासू म्हणाली आणि परत बाकावर जाऊन बसली.

चारला त्यांची गाडी गेली. चार वाजून पाच मिनिटांनी मशीन दुरुस्त झालं.

पण तोवर गावात बातमी गेली होती. कुणीतरी मोबाईलवर टाकलं, मशीन बंद, रुग्णांचे हाल, सोबत बंद दाराचा फोटो. ट्रस्टच्या व्यवस्थापकांनी पुण्याहून इंजिनीअर बोलावला. त्यानं दुसऱ्या दिवशी सगळं मशीन उघडून बघितलं आणि लिहून दिलं की बिघाड नाही, मात्र टेबलाच्या पायरीचा एक स्क्रू गायब आहे. सरांना लेखी खुलासा मागितला गेला. डॉक्टर म्हणाले, मी सांगतो खरं काय ते. सर म्हणाले, "व्यवस्थापकांना सांगितलं की त्यांच्या घरी कळणार, घरी कळलं की तिच्या वाडीपर्यंत जाणार. तो माणूस अजून डोंगर चढून आलेला नाही." आणि त्यांनी खुलासा लिहिला. एकच ओळ. 'मशीन बंद असल्याचा माझा समज झाला.' अख्खी नोकरी सांभाळून केलेल्या माणसाच्या नावापुढं पहिल्यांदा ताकीद लागली. सर ती वाचून डबा खायला गेले. दार नेहमीपेक्षा जरा उशिरा उघडलं.

संध्याकाळी मी वही पुढं केली. त्या दिवसाच्या रकान्यात मी घाबरत घाबरत लिहिलं होतं, 'कमरेचा एक्स-रे. काढला नाही.' सरांनी काही न विचारता सही केली. मग मागची पानं उलटली, आणि मोकळे रकाने एकामागून एक भरत गेले.

दोन-अडीच महिन्यांनी ती सासू परत आली. एकटीच, गुडघ्याचा फोटो काढायला. बरी बातमी तिनं आल्या आल्या सांगितली. पोरगा आला, सुनेनं त्याला सांगितलं, त्यानं सगळ्या वाडीला सांगितलं, आता पाचवा लागलाय. मी गुडघ्याचा फोटो काढला. ती टेबलावरून उतरली, पदर सारखा केला आणि सरांना म्हणाली, "सायेब, त्या दिशी मशीन बंद न्हवतं न्हवं?"

सर खोकले.

"मला ठावं हुतं. सुनंला सकाळचा चा नकोसा झाल्याला, गोठ्यात गेली की तोंडाला पदर. पाच पोरं झाल्यात मला, मला कळंना व्हय? पर ती बोलंना, म्हनून म्या बी बोलले न्हाई. मागल्या खेपंला माझ्याच तोंडानं घोळ झाला हुता. म्हनलं, ह्या खेपंला तिचं ती सांगू दे त्याला."

"मग इथं 'न्हाई' का म्हणालात?" मी जवळजवळ ओरडलेच. "मी बटण दाबलं असतं मावशी!"

"व्हय म्हनले असते तर तिला कळलं असतं की मला कळलंय. दार उघडंच ऱ्हायलं हुतं, म्या तितंच हुते उभी. तुमी काचंमागं गेला तवाच आंग टाकनार हुते, चक्कर आल्यावानी. पर सायेबांनी तुमचा हात धरला, म्हनलं, मानूस शाना हाय."

सर स्टुलावर बसले. "बाई, पण मग चारपर्यंत बाकावर कशाला बसलात? मी किती..."

"लगीच उठून गेले असते तर सुनंला शंका आली असती. आन् दुसरं म्हंजी," ती पदर खोचत म्हणाली, "तुमी इतकं जीव तोडून खोटं बोलत हुता, मधीच उठून जानं मला बरं दिसंना."

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता चिडणार. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते असे हसले की बाहेरची माणसं दारातून डोकावायला लागली. हसता हसता त्यांनी विचारलं, "सुनेला कळलंय का, तुम्हाला सगळं माहीत होतं ते?"

"न्हाई. आन् तुमी बी सांगू नगा. तिला वाटतंय तिनं सासूला फशिवलं. वाटू दे. लई खुशीत असती."

सर आता निवृत्त झालेत. मी वेल्ह्याच्या रस्त्यालाच एका दवाखान्यात काम करते. ती सून मधून मधून येते, कधी लेकीला घेऊन, कधी कुणा आजारी माणसाबरोबर. काम झालं की ती मला हमखास बाजूला घेते, इकडं तिकडं बघते आणि आवाज बारीक करून म्हणते, "ताई, सर त्या दिशी काय झकास बोललं वो. सासूबाईंस्नी अजून पत्ता न्हाई."

"नाही हो," मी म्हणते, "कसा असेल?"